तांड्याबाहेरचा पोरगा

"कोन्या तांड्याचा पोरगा?" अमरसिंग राठोडनं विचारलं.

दारात उभ्या इंदूबाईनं पदर सावरला. "तांड्याचा नाही भाऊ. माहा रजत. शेजारच्या गावातला."

अमरसिंगचा हा पहिला प्रश्न ठरलेला. काय झालं, कसं झालं, ते मागून. तांड्यातलं पोरगं पोलिसांनी उचललं की हा माणूस ठाण्यासमोर मांडी घालून बसायचा आणि पोरगं घेऊनच उठायचा. यवतमाळला कलेक्टर कचेरीसमोर धरणं म्हटलं की पहिली सतरंजी त्याचीच. साहेब लोकही त्याला वचकून असत. पण काम फक्त आपल्या बंजाऱ्यांचं. त्यात इकडचं तिकडं नाही.

"इहिरीवरची मोटर चोरीले गेली, त्यापायी परवा नेलं त्याले," इंदूबाई म्हणाली. "लय मारून राह्यले. तुमी आले तं साहेब ऐकतीन."

"चोरीत आमचेच पोरं धरतेत ना? मंग तुमचं कसं धरलं?"

तेवढ्यात प्रेम पाणी घेऊन आला. अमरसिंगचा एकुलता एक. इंदूबाईनं त्याच्याकडं पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि नुसतं पाणी प्यायली.

"बाई, तुमचा सरपंच हाय, तुमचा आमदार हाय," अमरसिंग म्हणाला. "आमच्या पोरायले ठाण्यात तुडवलं तवा गावातलं कुत्रं तरी आलं होतं का भुंकाले? साऱ्या जगाचा मक्ता मी घेतला तं तांड्यासाठी काय उरन?"

खोटं नव्हतं ते. इंदूबाईलाही ठाऊक होतं.

"नाही आलो भाऊ. चुकलंच आमचं. पण तवा माहा रजत पाळण्यात होता."

अमरसिंगनं मान फिरवली. इंदूबाई तुरीच्या शेताच्या बांधानं निघून गेली.

"बापू, मी जातो ठाण्यात," प्रेम म्हणाला. "मोटर गेली त्या राती आमी दोघंबी जागलीवर होतो, डुकरं हाकलत. मी सांगतो साहेबाले."

"ठाण्याची पायरी चढला तं तंगडं मोडीन! चोरीच्या भानगडीत तांड्यातलं पोरगं आपल्या पायानं ठाण्यात जाते का? येडा झाला का बे?"

रामीबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. नवऱ्याच्या बोलण्यात ती सहसा पडत नसे.

"ऊ भी याडीच छ," ती गोरबोलीत म्हणाली. तीही आईच आहे.

अमरसिंगनं तिला डोळे वटारले. पण त्या संध्याकाळी त्याला भाकर गोड लागली नाही. बाई हात जोडून दारात आली होती. एक शब्द टाकला असता तर आपलं काय झिजलं असतं? आपणही शेवटी आपला तो बाब्याच केलं. जायला पाहिजे होतं. राहून राहून त्याला तेच वाटत राहिलं.

"सकायी जातो," तो रामीबाईला म्हणाला. तिनं नुसतं हूं केलं, पण वाटीत वरण जास्तीचं वाढलं.

सकाळी त्यानं धुतलेलं जाकीट घातलं, मोटरसायकल अंगणात काढली. किक मारणार तोच पोलिसांची गाडी तांड्यात शिरली. प्रेम दात घासत होता. त्याला तसाच उचलला.

"मोटर यानंच नेली," जमादार म्हणाला. "रजतनं नाव घेतलं काल."

अमरसिंगच्या अंगाची लाहीलाही झाली. ठाणं राहिलं बाजूला, तो तडक इंदूबाईच्या घरी गेला. रजत बाजेवर पालथा पडला होता. पाठ काळीनिळी. इंदूबाई हळदीचा लेप लावत होती.

"अरे हरामखोरा! दोस्त म्हणते ना तू त्याले? जागलीवर संग होता, अन् सुटासाठी खोटं नाव घेतलं?"

रजतनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"चोर म्हणून नव्हतं नेलं भाऊ त्याले," इंदूबाई म्हणाली. "चोर तं तुमचा प्रेमच, असं पोलिसायनं आधीच ठरवलं होतं. त्यायले फक्त साक्षीदार पायजे होता. त्याच्यासाठी मारलं. हा नाही म्हणे."

"मंग मले काहून नाही सांगतलं? माह्या दारात येऊन गेल्या तुमी!"

"ठाण्यात भेटली तवा यानंच शपथ घातलती. काकाले समजलं तं ते प्रेमले गावाबाहेर पयवतीन, अन् पयाला की झाला चोर. नुसतं काकाले बोलाव, ते आले की सारं मिटते, असं म्हणे."

इंदूबाईचा हात लेप लावता लावता थांबला.

"काल तुमच्याकडून निघाली ते तशीच ठाण्यात गेली. मारानं डोळे उघडत नव्हते याचे. म्हणे, आई, काका येऊन राह्यले ना? मी म्हणलं, नाही येत. तवा यानं नाव घेतलं."