हवापालट

“पळू नकोस, दम लागेल!” मास्तर मागून ओरडले.

बायको लाटांपर्यंत पोचलीसुद्धा होती. चपला हातात, पाय घोट्यापर्यंत पाण्यात. “अहो, या ना! पाणी कोमट आहे.”

मास्तर सावकाश निघाले. वाळूत पाय रुततात, त्यात घाई कसली? शिवाय ती थकली तर दोघांपैकी कुणीतरी धड उभं असायला हवं.

मास्तर शिंपी होते. लेकीच्या लग्नाच्या दिवशीही सकाळी दुकान उघडून दोन गिऱ्हाइकं वाटेला लावणारा हा माणूस. पण महिन्यापूर्वी त्याच लेकीने त्यांना दुकानाच्या मागच्या खोलीत गाठलं, दार लोटून घेतलं आणि सांगितलं, की आईला वाईट आजार आहे. दोघांची तपासणी तिनेच हट्टाने करवली होती. फार दिवस नाहीत, म्हणाली. मास्तर शिलाई मशीनला धरून उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडले.

“आईला कळू देऊ नका, बाबा.”

हे त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांचा थोरला भाऊ याच आजाराने गेला. चांगला हिंडताफिरता होता. डॉक्टरांनी तोंडावर नाव सांगितलं आणि त्या दिवसापासून त्याने अंथरूण धरलं, ताट बाजूला सारलं. “आजाराने नाही, नावाने मेला,” असं मास्तर येईल त्याला ऐकवत.

गोळ्यांचा पेच लेकीनेच सोडवला. एकट्या आईला दिल्या तर तिला शंका येईल, म्हणून दोघांनाही ‘ताकदीच्या’ गोळ्या, वेगवेगळ्या डब्यांत. जन्मात तापाची गोळी न घेतलेले मास्तर आता जेवण झालं की आधी स्वतः गिळत आणि बायकोकडे बघत.

“घेतलीस?”

“तुम्ही घेतलीत ना? मग घेतली.”

हवापालटाची कल्पनाही लेकीचीच. दोन दिवस समुद्र, एक जुना किल्ला. मास्तरांचं मागणं एवढंच होतं, की हे दोन दिवस बायकोने सुखात काढावेत आणि तिला काही कळू नये.

न्याहारीला ती समोर बसली तेव्हा त्यांची नजर सवयीने तिच्या ड्रेसवर गेली. टेप लावायला नको, अशी ती नजर. कमरेत दोन बोटं सैल.

“ढगळ झालाय,” ते बोलून गेले.

“मीच उसवला. काचत होता. बसून खाते, फुगणार नाही तर काय!”

खोटं बोलतेय, मास्तरांनी ओळखलं. वाळत चाललीय आणि मला कळू नये म्हणून थट्टा करतेय. तिने बशी पुसून खाल्ली, त्यांनी अर्धी टाकली. महिनाभर हेच चाललं होतं. स्वतःच्या पँटची कंबर त्यांनी दोनदा आत घेतली होती. काळजी माणसाला खाते, दुसरं काय.

किल्ल्याच्या दाराशी गाईड भेटला. तो पायऱ्यांकडे आणि मग मास्तरांकडे बघून म्हणाला, “आजोबा, तुम्ही सावलीत बसा. बाईंना मी वर दाखवून आणतो.”

“मला काय धाड भरलीय?” मास्तर भडकले. हा आंधळा आहे की काय!

ते चढले. चार पायऱ्या झाल्या की मास्तर कठड्याला धरत. “थांब गं जरा. तुला दम लागेल.”

“लागलाच होता,” ती म्हणे आणि निमूट टेकून उभी राही. वेळेवर थांबवलं, असं त्यांना बरं वाटे.

वर पडके बुरूज होते, गंजलेली तोफ होती. गाईड पाठ केलेलं सांगत होता. वेढा पडला तेव्हा आत दाणा उरला नव्हता. तरी किल्लेदार रोज सगळ्या चुली पेटवायला लावायचा.

“बाहेरून धूर दिसला पाहिजे ना,” गाईड म्हणाला.

“आतल्या लोकांना माहीत होतं? दाणे संपलेत ते?” बायकोने विचारलं.

“किल्लेदाराला माहीत होतं. बाकीच्यांना कशाला सांगेल?”

ती समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. डोळे पुसले. “वारा फार आहे,” म्हणाली.

मास्तर तिच्याजवळ सरकले. हिला कळलं की काय? इतक्या वर्षांत चारचौघांत त्यांनी तिचा हात धरला नव्हता. आज धरला.

“घाबरायचं नाही. मी आहे ना.”

“माहीत आहे,” ती म्हणाली.

दुपारी लॉजवर येऊन मास्तर बुटांसकट आडवे झाले आणि झोपले. बायकोने बूट काढले, पांघरूण घातलं, पंखा हळू केला आणि फोन घेऊन गॅलरीत गेली. दार तिने मागे ओढून घेतलं.

“हं, बोल,” ती लेकीला म्हणाली. “पाहिला किल्ला. गोळ्याही झाल्या. छे गं, संशय कसला? मीच जाणार असं धरून चाललेत, म्हणून तर निमूट औषध घेतात. ते राहू दे. तू डॉक्टरांना एक नीट विचार. शेवटी शेवटी बाबांना फार दुखेल का?”