शिक्षा दिवस

सांगलीहून लग्न होऊन ग्वाल्हेरला आलेली अश्लेषा सासऱ्यांचं हिंदीमिश्रित मराठी हसत हसत सुधारायची. "अण्णा, शिक्षा नाही, शिक्षण म्हणायचं," हे तर रोजचंच.

चोवीस जानेवारीला अण्णा फूलबाग मैदानावर 'शिक्षा दिवसा'चं भाषण ठोकून चार पाहुण्यांसह घरी आले. तिच्या एम.ए.च्या फॉर्मची तीच शेवटची तारीख होती. महिनाभर तिने "भरू का?" विचारलं की अण्णा "देखते हैं" म्हणायचे. भजी तळताना तिची नजर सारखी घड्याळाकडे जात होती.

"बहू काय करते?" एका पाहुण्याने विचारलं.

"आमच्या अश्लेषाची शिक्षा लग्नानंतर पण चालू आहे," अण्णा अभिमानाने म्हणाले.



अश्लेषाने पहिल्यांदाच त्यांचा शब्द सुधारला नाही.