रोखलेला श्वास

सीटी स्कॅनच्या मशीनमधली रेकॉर्ड केलेली बाई श्वास रोखायला सांगत होती आणि बाबा काही तिचं ऐकत नव्हते. "घरातल्या बायकांचं ऐकून दमलो, आता हिचंही ऐकू?" शेवटी तंत्रज्ञाने काचेमागे माझ्यापुढे माइक सरकवला.

"बाबा, श्वास घ्या. रोखून धरा," मी म्हणाले. त्यांनी मुकाट्याने धरला.

पडद्यावर त्यांच्या पोटातली मोठी शीर उमटली. औषधाने पांढरी झालेली, आणि तिच्यात चरबीची काळी गाठ. मी बघतच राहिले.

"श्वास सोडा, असं म्हणालीच नाहीस की," लिफ्टमध्ये ते हसून म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते झोपेतून उठलेच नाहीत.

तेव्हापासून रोज मी त्या स्कॅनची सीडी लावते. चित्र तेच, तारीख तीच. श्वास रोखला की ही शीर फुगते, असं तंत्रज्ञ म्हणाला होता. पहिल्यांदा मी शिरेवर आडवी मापाची रेघ ओढली तेव्हा ती बावीस मिलिमीटर भरली. काल एकतीस. आज चाळीसच्या पुढे गेली आहे, आणि तिची कड कागदासारखी पातळ दिसते आहे. इतका वेळ कोणाला धरवेल?

मी पडद्याजवळ तोंड नेलं.

"बाबा, सोडा आता श्वास."