हसवून पळायचं

लिंबाजीनं दुकानातली तांब्याची कळशी उचलली आणि पळता पळता विनोद सुरू केले. हल्ली चोरांना ते करावंच लागे. प्रत्येकाच्या मनगटावर सरकारी पट्टा असायचा. चोर पळताना मालकाची छाती धडधडली, की साध्या चोरीची तिथल्या तिथे जबरी चोरी व्हायची आणि शिक्षा तीन वर्षांवरून थेट दहावर जायची.

"मावशी, घाबरू नका हं! जावयाला कळशी दिली समजा!"

"मुडद्या, मला पोरगीच नाही!" दुकानवाली चंपामावशी हसत हसत मागे धावली. चढावर तिनं त्याची बाही धरली, पण तिला जबर धाप लागली.

तिचा पट्टा बोलला, "भीती नोंदवली. जबरी चोरी."

"मावशी, सांगा की त्याला, घाबरला नाहीत म्हणून!"

"नाही रे बाबा घाबरले," मावशी पट्ट्याला म्हणाली, "नुसता दम लागलाय."

पट्टा जिभेचं ऐकत नसे, छातीचं ऐके.

लिंबाजीचं हसू मावळलं. दहा वर्षं तर लागलीच होती. मग आता हात राखायचा कशाला? त्यानं कळशी डोक्याच्या वर उचलली.

आता मात्र चंपामावशी खरोखर घाबरली. पट्टा गप्प राहिला. त्याच्या लेखी ती मघाशीच घाबरली होती.