देठाशी खुडलेली पानं

आजही दोन पानं गेली होती.

अनुसयानं माशांच्या काचेच्या पेटीवर वाकून पुन्हा मोजली. काल कमळाच्या रोपाला सात पानं होती, आज पाच. शेजारचं बारीक पाणगवत मात्र जसंच्या तसं होतं. चोरालाही आवडनिवड असते म्हणायची! तिला हसू आलं, पण हसायलासुद्धा अंगात जीव लागतो. तो सकाळीच संपला होता.

पेटी तिच्या मुलानं, भैयालालनं बनवलेली. तो बालाघाटच्या कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होता, तेव्हा खिडकीच्या जुन्या काचा जोडून त्यानं ती उभी केली. भिलाईला नोकरी लागल्यावर जाताना बापाच्या खाटेला लागून, उजवीकडच्या खिडकीखाली, बुटक्या स्टुलावर ठेवून गेला. बाबूजींचं तेवढंच मन रमेल, म्हणाला.

तिच्या नवऱ्याला, शालिकरामला, लकवा मारून सात महिने झाले होते. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. सहा महिन्यांत हात हलला तर हलला, असं डॉक्टर म्हणाले होते. ते सहा महिनेही उलटले. दोघं नवराबायको पस्तीस वर्षं समोरासमोर बसून बिड्या वळत आले होते. शालिकरामचा हात असा की एवढ्या वर्षांत त्याची एक बिडी छाटात, कारखान्याच्या नापास मालात, गेली नाही. वळताना एखादी बिघडलीच, तर तो ती बायकोच्या नजरेसही पडू द्यायचा नाही. आता अनुसया एकटीच वळायची, दुपारी कारखान्यात पोचवून यायची. बाकीचा दिवस भरवणं, पुसणं, कूस वळवणं. चादर रोज ओली व्हायची, ती धुणं. संध्याकाळपर्यंत कंबर मोडून जाई.

मागच्या खेपेला भैयालालनं सांगून टाकलं होतं.

"माय, तुह्यानं एकटीनं होत नाही. पुढच्या महिन्यात येतो. घर बंद करू, भिलाईले चाला."

"मले नाही जमत का सगळं?"

"जमते कुठं? हे पाह्य, झाडं मरून राह्यली पेटीतली."

ते तिच्या मनाला लागलं. तिला हे घर सोडायचं नव्हतं. इथं आली तेव्हा ती सोळा वर्षांची होती, आणि इथूनच जायचं तिनं ठरवलं होतं. रोप हिरवंगार दिसलं, तर मुलाला म्हणता येईल, बघ, जमतं मला. म्हणून ती त्या चोराच्या मागे लागली.

भैयालालनं खूण सांगून ठेवली होती. पानाला भोकं दिसली तर घोंघे, कडा कुरतडलेल्या दिसल्या तर मासा. तिनं कोपरापर्यंत पाण्यात हात घालून एकूणएक गोगलगायी वेचल्या. पानं जातच राहिली. मग मोठा लाल मासा घागरीत काढला. त्या दिवशी शालिकराम मासा गेला तिकडे बघत राहिला. पानं तरी जातच राहिली.

शेवटी तिनं डोळ्यांना चष्मा लावून देठ पाहिला. भोक नाही, कुरतडणं नाही. देठाशी नखानं खुडल्यासारखं स्वच्छ तुटलेलं होतं.

माशाला नखं नसतात. दुपारी ती कारखान्यात जाई तेव्हा शेजारची जिजाबाई दारात येऊन बसायची. रोग्याकडे लक्ष ठेवायला.

"जिजा, पानं तू खुडतं का वो?"

"मी काहून खुडू?"

"घरात दुसरं कोनी येतच नाही."

"मी तुह्या नवऱ्याले पाहाले येतो, तुह्या झाडाले नाही." जिजाबाई उठली. "उद्यापासून येत नाही जाय."

शालिकराम खाटेवरून ऊं ऊं करू लागला. तहान लागली असेल म्हणून अनुसयानं त्याच्या तोंडात पाणी घातलं. त्यानं ते ओठांतून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती बाहेरून कडी घालून जाऊ लागली. घरात चिटपाखरू नसताना पान गेलं. नंतर आणखी एक. जिजाबाईला आपण उगाच बोललो, हे तिला कळलं, पण तिच्या दारी जाऊन हात जोडण्याचीही ताकद उरली नव्हती. आपल्या हातून काहीच जगत नाही, एवढंच तिला वाटलं, आणि ती खाटेच्या पायथ्याशी बसून पोटभर रडली.

रविवारी भैयालाल भरवेलीच्या एका ओळखीच्याची जीप घेऊन आला. पेटीत एकच पान उरलं होतं.

"पाह्यलं, माय?" तो हळूच म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"हौ," ती म्हणाली. "चाल. मी थकलो आता."

भांडी पोत्यात गेली. बिड्या वळायचं सूप तिनं खुंटीवरून काढलं आणि पुन्हा तिथंच टांगलं. भैयालालनं बापाला उचलून खुर्चीवर बसवलं. शालिकराम मान हलवत होता, नाही, नाही. म्हाताऱ्याचा जीव घरातून निघत नाही, असं समजून दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. तिनं गादी गुंडाळायला उजवीकडची कड उचलली.

खाली पानं होती. खुडलेली सगळी.

पहिली चार-पाच वाळून काळी पडलेली, वाकडीतिकडी चुरगळलेली. पुढची जरा सरळ. त्यानंतरची गोल, पण सैल. आणि शेवटचं पान अजून ओलं, टोकापर्यंत गच्च वळलेलं, तोंड नखानं आत मुडपलेलं. बिडीचं तसं तोंड मुडपणारा माणूस तिनं आयुष्यात एकच पाहिला होता.

"हे काय होय, माय?"

अनुसया खाली वाकली. ते शेवटचं पान तिनं तळहातावर घेतलं, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा नवऱ्याच्या उजव्या हाताकडे नीट पाहिलं.

"जीप परत पाठव," ती म्हणाली. "बिडी एका हातानं वळत नाही."