डाव्या बाजूचा माईक

"थांबव जरा," ताई म्हणाली. रेकॉर्डिस्टने बटण दाबलं आणि धून मध्येच थांबली.

अल्बमची चौथी धून चालली होती. जॅझ फ्यूजन, गाणारं कोणी नाही, आणि सगळ्या वाद्यांच्या पुढे ताईचं अ‍ॅकॉर्डियन. आज एकदा शेवटचं ऐकून अल्बम पाठवून द्यायचा, एवढंच काम उरलं होतं. धाकटा भाऊ मांडीवर बेस गिटार घेऊन सोफ्यावर बसला होता. ड्रमर चहा ढवळत होता. त्यातली साखर कधीच विरघळली होती.

"इथे मी चुकले होते," ताई म्हणाली. "डाव्या हाताचे खालचे सूर निसटले होते. मग हे बरोबर कसं वाजतंय?"

"थोडं स्वच्छ केलंय, ताई," असं म्हणताना रेकॉर्डिस्टने धाकट्याकडे पाहिलं.

ते पाहणं ताईच्या नजरेतून सुटलं नाही. ती उठून कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ गेली. अ‍ॅकॉर्डियनला दोन माईक लावले होते, उजव्या हाताला एक आणि डाव्याला एक. पडद्यावर डाव्याची रेघ करडी पडली होती, म्हणजे तो बंद केलेला होता. तिने पुढची धून उघडायला लावली, मग त्याच्या पुढची. डावा माईक सगळीकडे बंद. त्याच्या जागी बेस गिटार चालत होती, तिच्याच चालीने, तिच्याच लकबीने.

डाव्या हाताची दोन बोटं गेले काही महिने तिचं ऐकत नव्हती. बटणावर ठेवली तरी आपण कुठे आहोत हे त्यांना कळायचं नाही. एका डॉक्टरांशिवाय कुणालाच तिने याचा पत्ता लागू दिला नव्हता. निदान तिला तसं वाटत होतं.

"कधीपासून माहीत आहे तुला?" तिने भावाला विचारलं.

"पहिल्या रेकॉर्डिंगपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

"आणि मी सांगितलं नाही, तर मला न विचारता माझा हातच कापून टाकलास." तिचा आवाज चढला नव्हता. ड्रमरने कप खाली ठेवला.

धाकट्याने मान खाली घातली. "तुला कोणी हसू नये असं वाटलं गं."

ताईने रेकॉर्डिस्टला नुसता डावा माईक ऐकवायला सांगितला. तो घुटमळला. "कशाला ताई, आता..."

"लाव."

आधी बटणांची खटखट ऐकू आली. मग एक सूर, मग रिकामी हवा, मग भलताच सूर. अंधारात जिना उतरावा तशी बोटं चाचपडत होती. कोणी कोणाकडे बघेना. ताईने मात्र ते शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदा तिने डावा हात उजव्या हातात धरला आणि सोडून दिला.

"शेवटची धून पुन्हा घेऊ," ती म्हणाली.

काचेपलीकडच्या खोलीत जाऊन तिने अ‍ॅकॉर्डियन खांद्याला अडकवलं. भाता आणि खालच्या सुरांची बटणं चालवणारा डावा हात तिने पट्ट्यात न घालता मांडीवर ठेवला.

"इकडे ये," ती भावाला म्हणाली. "गिटार राहू दे."

धाकटा तिच्या डाव्या अंगाला बसला आणि त्याने पट्ट्यात हात सरकवला. बटणं त्याला बघून बघून पाठ होती, पण या वाद्याला आजवर तिने कोणाला हात लावू दिला नव्हता. त्याने भाता उघडला. घाईत त्याने सगळी हवा एकदम ओढली. भाता टोकाला पोचला, तसा धाकटा तो मागे ढकलायला लागला, आणि ताईचा सूर मध्येच तुटला.

"एवढ्यात मिटू नकोस," त्याच्याकडे न बघता ती म्हणाली. "माझं अजून संपलेलं नाही."