आधीच्या कार्डाचं नाव

सर्व्हरमधलं जळकं नेटवर्क कार्ड काढून मी नवं बसवलं, त्याला जुन्याचंच नाव दिलं. स्क्रीनवर उमटलं, 'हे नाव दुसऱ्या कार्डाचं आहे. ते कार्ड आता मशीनमध्ये नाही.'

नाही, तर अडवतंय कशाला? मी लपलेल्या नोंदी उघडल्या. जुनं कार्ड तिथे फिकट अक्षरांत होतं. ते पुसलं की नाव मोकळं.

पुसणार तेवढ्यात बहिणीचा फोन आला. "दादा, उद्या बारशाला तुझ्या बाळाच्या कानात केतकीच सांगू ना? आई म्हणते, आपलीच केतकी परत आलीय."

माझी थोरली लेक केतकी चौदा महिन्यांची असताना गेली.

मी जुनी नोंद तशीच ठेवली. नव्या कार्डाला नवं नाव टाकलं. मशीनने ते मुकाट घेतलं.

"दुसरं काहीही सांग गं," मी म्हणालो. "ते नाव रिकामं नाहीये."